रेकॉर्डचं बटण दाबलं की माणसाचा आवाज बदलतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की संस्कृती, वारसा आणि मीडिया या तिघांमुळे आजच्या माणसाची ओळख कशी घडते, आणि खाली तुम्ही हळूच जोडलंय की तुमची बारा वर्षांची मुलगी अर्धी भाषा व्हिडिओंमधून उचलते, तर ती आपली राहील का. पहिला भाग परीक्षेच्या पेपरातला वाटतो हो. खरी काळजी दुसऱ्या भागात आहे, म्हणून मीही तिकडूनच येतो.

आधी सांगतो की मी समाजशास्त्राचा प्राध्यापक वगैरे नाही. माझा धंदा म्हणजे लोकांच्या घरातल्या जुन्या ऑडिओ कॅसेट आणि व्हिडिओ टेप डिजिटल करून देणं. बुरशी धरलेली टेप साफ करायची, सैल झालेलं रीळ पेन्सिलीने गुंडाळायचं आणि मग बसून ऐकायचं, कारण टेप जेवढी लांब तेवढाच वेळ लागतो, त्याला शॉर्टकट नाही. त्यामुळे अनोळखी घरांच्या गप्पा मी इतक्या ऐकल्यात की विचारू नका, आणि एक गोष्ट इतक्यांदा दिसली की आता मी तिची वाटच बघतो. कॅसेट सुरू झाली की पहिल्या मिनिटात घरातलं कुणीतरी रेडिओचा निवेदक होतो. घसा साफ करून "आज दिनांक अमुक, वार तमुक, आपण ऐकत आहात..." असं सुरू. समोर बसलेत कोण, तर भाऊ, बहीण आणि एक रडणारं पोर. नंतरच्या व्हिडिओ टेपांमध्ये तोच माणूस हातात चमचा माईकसारखा धरून बातमीदार होतो. आणि आत्ताच्या मोबाईलमधला डेटा वाचवून द्यायचं काम आलं तर त्यात सात वर्षांचं पोरगं रिकाम्या खोलीत "हाय गाईज, वेलकम बॅक टू माय चॅनल" म्हणत असतं, चॅनल नाही, गाईज नाहीत, काही नाही.

म्हणजे मीडियाकडून आवाज उसना घ्यायची सवय तुमच्या मुलीपासून सुरू झालेली नाही, आपले आजोबासुद्धा तेच करत होते, फक्त त्यांनी उसना घेतलेला आवाज भारदस्त होता म्हणून आपल्याला खटकत नाही.

माझ्या आजीची एक सी-६० कॅसेट आहे, एका बाजूला तीस मिनिटंवाली. मामाने नवीन टेपरेकॉर्डर आणलेला आणि आजीला लहानपणची हकीकत सांगायला बसवलं. आजी रोज बोलायची ते "म्या म्हनलं", "पानी", "कोन हाय" असं. टेपवर मात्र ती "मी म्हणाले", "पाणी", "कोण आहे" असं बोलते, एकेक ण जपून, निसरड्या वाटेवरून चालल्यासारखी. तिला कुणीही सांगितलं नव्हतं असं बोल म्हणून. यंत्रासमोर कसं बोलायचं असतं हे ती रेडिओ ऐकून शिकली होती आणि त्यासोबत हेही शिकली होती की आपण रोज बोलतो ते यंत्रात जाण्यालायक नाही. मला विचाराल तर तुमच्या प्रश्नातला 'मीडियाचा प्रभाव' नेमका इथे आहे. मीडिया कुणावर काही लादतो असं थेट दिसत नाही, तो फक्त ठरवतो की कुठला आवाज ऐकण्यासारखा, आणि मग बाकीचं काम माणसं स्वतःच स्वतःवर करतात.

याचं एक मोजलेलं उदाहरण आहे. फिजीतल्या नाड्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. अ‍ॅन बेकर नावाच्या संशोधक बाईंनी तेव्हा आणि परत १९९८ मध्ये तिथल्या शाळकरी मुलींना खाण्याच्या सवयींबद्दल आणि शरीराबद्दल प्रश्न विचारले. काळजी करावी असे गुण पडलेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या. आता यात पाणी घालूनच घ्यायला पाहिजे, दोन्ही वेळेला मुली साधारण साठ-पासष्टच होत्या, आणि दुसऱ्या वेळेच्या मुली वेगळ्या होत्या, त्यामुळे सगळा दोष टीव्हीच्या माथी मारता येत नाही. पण मुलींनी बोलताना जे सांगितलं ते जास्त बोलकं आहे, की आम्हाला मालिकेतल्या बायकांसारखं दिसायचंय. आणि त्या समाजात भरलेलं शरीर चांगलं मानायची पद्धत होती बरं का, म्हणजे आधीची संस्कृती कमकुवत होती असंही नाही.

आता वारसा. इथे लोकांची एक समजूत असते की वारसा म्हणजे पेटीत ठेवलेला दागिना, आजोबांनी बापाला दिला, बापाने आपल्याला, आणि आपण तो हरवतोय. मला आधी असंच वाटायचं. पण जरा खोदलं की बरेच दागिने आपल्या समजुतीपेक्षा बरेच नवीन निघतात. स्कॉटलंडचा किल्ट घ्या, तो चौकटीच्या कापडाचा पोशाख. तिथलं १७४५ चं बंड फसल्यावर सरकारने १७४६ च्या कायद्याने डोंगराळ भागातला पोशाख बंद केला, ती बंदी उठली १७८२ मध्ये, तोवर सगळी एक पिढी गेलेली. मग १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, वॉल्टर स्कॉट या लेखकाने सगळा स्वागतसोहळा बसवला, राजाने स्वतः किल्ट घातला, आणि ज्या शहरी लोकांच्या आधीच्या पिढ्या त्या डोंगरवाल्यांना रानटी म्हणत होत्या तेही चौकटीचं कापड घेऊन उभे राहिले. अमुक घराण्याची अमुकच चौकट हे जे आपण ऐकतो ते बहुतेक १९ व्या शतकात पक्कं झालं. आणि आज लग्नात किल्ट घालणाऱ्या स्कॉटिश माणसाला सांगून बघा की हे खोटं आहे, तो तुम्हाला दारातनं बाहेर काढेल, आणि बरोबरच करेल! दोनशे वर्षं माणसं त्यात हसली-रडली असतील तर ते खोटं कसं राहील?

याहून मजेशीर मेक्सिकोचं आहे, आणि हे अगदी आपल्या डोळ्यांदेखत झालंय. तिथला 'मृतांचा दिवस' जुना, घरात वेदी मांडायची, कबरी फुलांनी सजवायच्या, युनेस्कोच्या यादीतही २००८ पासून आहे. २०१५ मध्ये जेम्स बाँडचा सिनेमा आला, त्यात सुरुवातीलाच मेक्सिको सिटीच्या रस्त्यावरून सांगाड्यांच्या मुखवट्यांची प्रचंड मिरवणूक दाखवलीय. अशी मिरवणूक त्या शहरात निघतच नव्हती, ती सिनेमासाठी रचलेली होती. पण जगभरच्या पर्यटकांनी ती बघितली, आता ते येऊन मिरवणूक शोधणार, म्हणून २०१६ मध्ये शहराने ती खरोखर काढली, आणि तेव्हापासून जवळपास दरवर्षी निघते. आज तिथे जे पोर सहा वर्षांचं आहे त्याच्यासाठी ती मिरवणूक जन्मापासूनची आहे, मोठं झाल्यावर ते म्हणेल आमच्याकडे पूर्वीपासून असं असतं. याला तुम्ही काय म्हणाल, संस्कृती, वारसा की मीडिया? मला तरी तीन वेगळे कप्पे दिसत नाहीत.

उलटी बाजूही आहे, नाहीतर मी फक्त मीडियाच्या नावाने बोटं मोडतोय असं वाटेल. ब्रिटनमधल्या वेल्सच्या लोकांना त्यांच्या वेल्श भाषेत टीव्ही हवा होता, ब्रिटिश सरकारने आधी कबूल केलं आणि मग शब्द फिरवला, तेव्हा १९८० मध्ये ग्विनफोर एव्हान्स नावाच्या वयस्कर नेत्याने जाहीर केलं की मी आमरण उपोषणाला बसतो. सरकार नमलं आणि नोव्हेंबर १९८२ पासून वेल्श चॅनल सुरू झालं. एक माणूस टीव्ही चॅनलसाठी मरायला तयार होतो हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. आजीची टेप परत ऐकल्यावर नाही आलं. पोरांना आपली भाषा कार्टूनमध्ये, क्रिकेट-फुटबॉलमध्ये, हवामानाच्या बातमीत ऐकू आली तर ती भाषा यंत्रात जाण्यालायक आहे हे त्यांना कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांनीही हाच रस्ता धरला, १९८२ पासून बालवाड्या, १९८७ मध्ये अधिकृत भाषेचा दर्जा आणि २००४ मध्ये स्वतःचं टीव्ही चॅनल. आधी घर-शाळा आणि मग पडदा, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

मग आजच्या काळात नवीन काय, तर माझ्या मते एकच गोष्ट खरंच नवीन आहे. बेनेडिक्ट अँडरसन या अभ्यासकाने १९८३ मध्ये एक फार सुंदर मुद्दा मांडला होता, की राष्ट्र म्हणजे एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं 'आपण एक' असं मानतात, आणि ही कल्पना पक्की व्हायला छापील वर्तमानपत्राने मोठी मदत केली, कारण वाचणाऱ्याला ठाऊक असतं की आत्ता याच सकाळी हजारो अनोळखी लोक हेच पान वाचतायत. आता तुमचा फोन आणि तुमच्या मुलीचा फोन शेजारी ठेवा आणि एकच ॲप उघडा. मी आणि माझ्या बहिणीने हे करून बघितलं, एकाच सोफ्यावर बसून, एकच आडनाव, एकच घर, लहानपण सगळं सारखं, आणि वरच्या वीस व्हिडिओंपैकी एकही सारखा नव्हता. माझ्याकडे जुनी यंत्रं दुरुस्त करणारे लोक आणि कुणीतरी किंचाळून इतिहास सांगणारा, तिच्याकडे कोरियन मालिकांचे तुकडे आणि बागकाम. हेच पान आत्ता कोण वाचतंय हे आता कुणालाच माहीत नसतं.

आणि त्या किंचाळणाऱ्याबद्दल सांगायचं तर, तो मला का दिसतो याचं कारण साधं आहे, मी एकदा रागाने त्याचा पूर्ण व्हिडिओ बघितला. ॲपला राग आणि आवड यातला फरक फारसा कळत नाही, मी थांबलो एवढंच कळतं. यावरून हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाचा १९७० च्या सुमाराचा, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातला प्रयोग आठवतो. शाळकरी मुलग्यांना क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि सांगितलं की तुझी आवड या गटाची, तुझी त्या गटाची. खरंतर गट चिठ्ठ्या उचलल्यासारखे कसेही पाडलेले. मग पैसे वाटायला दिले, स्वतःला घ्यायचे नाहीत, फक्त इतरांना द्यायचे. पोरांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलंच, पण पुढची गंमत अशी की आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल पण समोरच्यापेक्षा जास्त मिळालं पाहिजे अशी वाटणी बरेच जण निवडत होते. ज्या चित्रकाराचं नाव तासाभरापूर्वी ऐकलं नव्हतं त्याच्या नावाने! आता विचार करा, तिथे चित्रकाराच्या जागी भाषा, धर्म, आडनाव ठेवलं आणि रोज दोन तास कुणी सांगत राहिलं की तुझा गट हा, तर काय होईल. आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर आमच्या आडनावाचा हजार वर्षांचा इतिहास येतो दर दोन महिन्यांनी, कुणी लिहिला माहीत नाही, आणि गंमत म्हणजे तोच मेसेज एका मित्राच्या ग्रुपवर त्याच्या आडनावाने येतो, फक्त नाव बदललेलं. आमचे काका तो वाचून खरंच ताठ बसतात.

म्हणून मुलगी परक्या भाषेतले शब्द वापरते याची मला तुमच्याइतकी भीती वाटत नाही. शब्द येतात, राहिले तर राहतात. मी लक्ष ठेवलं असतं ते दोन गोष्टींवर, एक म्हणजे तिच्या पडद्यावर तिच्यासारखं बोलणारं, तिच्यासारखं दिसणारं कुणी येतं का, आणि आलं तर ते फक्त विनोदापुरतं येतं का. दुसरं म्हणजे तिला जे दिसतं त्यातलं तिने शोधलेलं किती आणि समोर आलं म्हणून बघितलेलं किती. हे तिलाच विचारा, रागावून नाही, बारा वर्षांच्या पोरांना हे आपल्यापेक्षा नीट सांगता येतं.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तिलाच रेकॉर्ड करायला लावा, फक्त 'आता सांगा' म्हणून समोर फोन धरू नका, गप्पा चालू असताना बाजूला ठेवून द्या.

कारण आजीच्या त्या टेपवर शेवटी दीड मिनिट असं आहे की मामाला वाटलं बंद केलं, पण बटण नीट दाबलं गेलं नव्हतं. आजी विचारते, "झालं का बंद त्ये?" मामा म्हणतो हो. तर एक मोठा सुस्कारा, आणि मग, "बरं झालं बया, आता मानसावानी बोलू द्या." पुढे ती कुणाच्या तरी लग्नातली भांडणं सांगत सुटते आणि सगळे हसतात. अठ्ठावीस मिनिटांची हकीकत आमच्या घरात कुणी परत ऐकत नाही, हे दीड मिनिट सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. भाची आली की तेच लाव म्हणते. तिचेही "हाय गाईज" व्हिडिओ आहेत, आणि परवा एकात शेवटी बंद करायला विसरलीय, चेहरा पडतो, खांदे सैल होतात आणि मग, "आई, चार्जर कुठंय गं?"

तुमच्या मुलीच्या व्हिडिओंमध्येही असे शेवटचे पाच-दहा सेकंद असतील, तिने कापून टाकायच्या आत मागून घ्या.