यामाहा आरएक्स 100 च्या क्लच कव्हरचे स्क्रू स्लिप झालेत, एकाचं डोकं तुटलंय. केसिंगला धक्का न लावता कसे काढू?

तुम्ही लिहिलंय की क्लच प्लेटा बदलायला उजवीकडचं कव्हर उघडायला घेतलं, दोन स्क्रूंच्या खाचा गोल झाल्या, एकाचं डोकं तुटून हातात आलं आणि बाकीच्यांना अजून हात लावलेला नाही. वर विचारलंय, इझी आउटचा (तुटलेला स्क्रू भोक पाडून उलटा फिरवून काढायच्या हत्याराचा) सेट आणू का? नका आणू. त्याचं कारण पुढे सांगतो.

आधी न हात लावलेले स्क्रू वाचवू. ही गाडी आपल्याकडे 1985 ते 1996 दरम्यान बनली, म्हणजे सगळ्यात नवी गाडीही आता जुनीच. पोलादी स्क्रू ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये इतकी वर्षं बसला की आट्यांमध्ये पांढरी भुकटी धरते आणि तीच त्याला जखडून ठेवते. त्यात ही जपानी घडणीची गाडी. स्क्रूच्या डोक्यावर, खाचेच्या बाजूला बारीक ठिपका दिसतोय का बघा. दिसला तर ती खाच जपानी मापाची, जेआयएस. आपला नेहमीचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर तिच्यात तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की वर उसळतो आणि खाचेच्या कडा खाऊन टाकतो. शिवाय कव्हरचे स्क्रू एम 6 आहेत आणि त्यांना 3 नंबरचं टोक लागतं. घरोघरी असतो तो 2 नंबर. निम्मे स्क्रू इथेच वाया जातात.

म्हणून 3 नंबरचं जेआयएस बिट आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. ठोका बसला की तो बिटाला आत दाबतो आणि त्याच क्षणी थोडा फिरवतो, त्यामुळे बिट उसळायला जागाच मिळत नाही. ठोकण्याआधी तो सैल करायच्या दिशेला लावलाय ना, हे हाताने फिरवून खात्री करा. आदल्या रात्री आट्यांपाशी गंज सोडवायचं पातळ तेल सोडून ठेवा. सकाळी बिट खाचेत उभं धरून आधी हलके दोन-चार ठोके द्या, मग एक जोरकस. सुटताना ‘कट्’ असा आवाज येतो, तो ऐकला की पुढचं काम हाताचं.

गोल झालेल्या दोघांसाठी: डोकं कव्हरच्या वर आलेलं असेल तर कानशीने समोरासमोरच्या दोन बाजू सपाट करा आणि व्हाइस ग्रिपने (जबडा लॉक होणाऱ्या पकडीने) घट्ट पकडून फिरवा. पकड मिळत नसेल तर सेंटर पंच डोक्याच्या कडेला तिरका लावून घड्याळाच्या उलट दिशेने ठोका. तरीही हलला नाही तर उष्णता द्या, पण स्क्रूला नाही, त्याच्या भोवतीच्या केसिंगला. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे भोक स्क्रूपेक्षा जास्त मोठं होतं आणि पकड ढिली पडते. हीट गन पुरेशी आहे. पेट्रोलची टाकी आधी काढून लांब ठेवा, यात तडजोड नको. पॅकिंग जळेल, ते तसंही नवीनच टाकायचंय.

एवढं करूनही अडून बसला तर सरळ डोकं उडवा. मध्यभागी पंच मारा, 3 एमएमने भोक पाडा, मग 6 किंवा 6.5 एमएमचं ड्रिल लावा. डोकं सुटून ड्रिलवर चढतं आणि तुम्ही थांबता. लोक याच टप्प्याला घाबरतात, पण खरं तर अर्धी लढाई इथेच जिंकलेली असते. स्क्रूला जखडणारा मोठा ताण डोकं आणि कव्हर यांच्यातला असतो. डोकं गेलं की तो ताणच संपतो. कव्हर ओढून काढलं की केसिंगमधून कव्हरच्या जाडीएवढा दांडा बाहेर दिसतो. तुमच्या तुटलेल्या स्क्रूचंही तसंच, आणि तो बहुतेक वेळा तेल आणि थोड्या उष्णतेनंतर व्हाइस ग्रिपने निघतो. नाही निघाला तर त्यावर नट ठेवून वेल्डरकडून नटाच्या आतल्या बाजूने दांड्याला वेल्ड करून घ्या. वेल्ड पोलादाला धरतं, ॲल्युमिनियमला धरत नाही, आणि त्या धगीने आटेही सुटतात. बॅटरीची वायर आधी काढा.

दांडा केसिंगच्या पातळीतच तुटला असेल तर मात्र हात आवरा. इथेच सगळे इझी आउट घालतात. तो कडक पोलादाचा, बारीक आणि ठिसूळ असतो, शिवाय फिरवताना पोकळ झालेल्या स्क्रूला आणखी फुगवतो. आत तुटला की साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही. त्यापेक्षा उलट्या दिशेने कापणारं ड्रिल घ्या. भोक पाडता पाडताच स्क्रू सुटून बाहेर येण्याची शक्यता असते. मध्य चुकतोय असं वाटलं तर केसिंग मिलिंगवाल्याकडे न्या. आटे गेलेच तर 6.3 एमएमने भोक पाडून एम 6 हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवा, ते मूळ आट्यांपेक्षा कमकुवत नसतं.

  

बसवताना एलन बोल्ट वापरा आणि आट्यांना कॉपर ग्रीसचं बोट फिरवा. या स्क्रूंची लांबी सारखी नसते, म्हणून स्क्रू काढतानाच पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून जो स्क्रू जिथला तो तिथेच टोचून ठेवा. घट्ट करताना समोरासमोरचे आळीपाळीने, 10 न्यूटन मीटरपर्यंतच. टॉर्क पान्हा नसेल तर एलन की तिच्या आखूड बाजूने धरा, म्हणजे जोर आपोआप बेताचा लागतो.