लायकी नसताना प्रभुभोजन घ्यावं का?

तुम्ही विचारलंय, "तेच पाप पुन्हा पुन्हा करतो, मग प्रभुभोजन घ्यायची माझी लायकी आहे का?" नाही. माझीही नव्हती. घ्या.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर होतो आणि सात वर्षं दारूत. सोडल्याचा नववा दिवस होता, प्रभुभोजनाचा रविवार, म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमध्ये भाकर नि द्राक्षारस घ्यायचा दिवस. शेवटच्या बाकावर आईशेजारी बसलो होतो, हात थरथरत होते. भाकरीचं तबक घेऊन माझे चुलतेच आले. ते मंडळीतले वडील, म्हणजे चर्चचे एल्डर. मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, त्या मिशनच्या जुन्या घरांपैकी आमचं घर, याचा काकांना भारी अभिमान. त्यांनी आईपुढे तबक धरलं आणि मला ओलांडून पुढच्याकडे नेलं. आईनं आपला नखाएवढा तुकडा मोडून अर्धा माझ्या तळहातावर ठेवला. "खा रं." घामानं तो हाताला चिकटला. बोटांनी निघेना, शेवटी तोंडच हाताला लावलं.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा प्यायलो. काका आजही तेच काढतात. त्यांना मी येशूचा शिष्य पेत्र दाखवतो. येशूला पकडलं त्या रात्री कोळशाच्या विस्तवाशी शेकत पेत्र तीनदा म्हणाला, मी येशूला ओळखत नाही. पुढं तळ्याकाठी प्रभूनं कोळशाच्याच विस्तवावर मासे भाजले आणि त्याला न्याहारीला बोलावलं. आधी सुधार, मग ये, असं म्हटलं नाही. बायबलात दुसरं तीमथ्य २:१३ बघा: आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो.

काकांचं बोट कायम पहिलं करिंथ ११:२७ वर. पण तिथं "अयोग्य प्रकारे" खाण्याबद्दल लिहिलंय, अयोग्य माणसाबद्दल नाही. करिंथात खातेपिते लोक आधीच जेवून घ्यायचे आणि गरीब भाऊ उपाशी राहायचे. ते पत्र लिहिणारा पौल त्यावर चिडलाय. म्हणजे तबक ओलांडून नेणाऱ्यावर.

कृपा आहे म्हणून खुशाल पाप करा, असं मी म्हणत नाही. रोम ६ वाचा. आणि तुमचं पाप दारूच असेल तर डॉक्टरकडेही जा, रोजच्या पिणाऱ्यानं एकदम सोडली तर झटके येऊ शकतात. मला दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहावं लागलं. आता अकरा वर्षं झाली.

काका म्हणतात, करिंथच्या त्या वचनाच्या पुढच्याच वचनात आत्मपरीक्षा करायला सांगितलंय. सांगितलंय. पण काका, ते वचन पुरतं वाचा: परीक्षा करावी आणि मग खावं.