अब्लेशनसाठी दहा महिने थांबावं का?

प्रश्न (सांगली): यजमान ६२ वर्षांचे. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके बिघडणं) आठ महिन्यांपूर्वी निघालं, तेव्हापासून ठोके सतत अनियमित. डॉक्टर कॅथेटर अब्लेशन (नळी घालून हृदयातला ठोके बिघडवणारा भाग निष्क्रिय करणं) सुचवतात, एस्टिमेट ४.२५ लाख. ५ लाखांची आरोग्य विमा पॉलिसी २६ महिने जुनी आहे. बीपी अर्जात लिहिलं होतं, त्याला ३६ महिन्यांची अट आहे, तोवर त्याचे दावे मिळत नाहीत. दहा महिने थांबावं की ८ लाखांची एफडी मोडावी?

उत्तर: थांबूही नका आणि एफडीही मोडू नका.

'आधीपासूनचा आजार' म्हणजे पॉलिसीआधीच्या ३६ महिन्यांत निदान किंवा उपचार झालेला आजार. बीपी त्यात बसतं. एट्रियल फिब्रिलेशन पॉलिसीनंतर निघालं, त्यामुळे ते बसत नाही. कंपनी 'हे बीपीमुळेच झालं' म्हणून अडवू शकते, नेहमीची खेळी आहे. म्हणून पहिल्या ईसीजीची तारीख, इको (हृदयाची सोनोग्राफी) रिपोर्ट आणि कारणाबद्दल डॉक्टरांचं पत्र जोडून कॅशलेसची पूर्वमंजुरी आताच मागा. नकार आला तर कारण लेखी घ्या, पैसे भरून अब्लेशन उरका आणि नंतर परतफेडीचा दावा लावा. कंपनीने तोही फेटाळला, तर तिच्याकडे लेखी तक्रार करा; तीही फेटाळली किंवा महिनाभर दाद दिली नाही, तर पुण्याचे विमा लोकपाल आहेत. तिथे फी लागत नाही.

थांबण्याची किंमत पैशात दिसत नाही. सलग १२ महिने उलटले की हाच विकार 'दीर्घकालीन' गटात जातो आणि अब्लेशन यशस्वी होण्याची शक्यता घटते. तुमच्याकडे चारच महिने आहेत. किती थांबता येईल हे इको बघून डॉक्टरच सांगतील. विमा वाचवायला तारीख ढकलणं मला पटत नाही.

पैशांची सोय: एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी न मोडता ती तारण ठेवून बँकेकडून उचल. एफडीला ७ टक्के मिळत असतील आणि ओव्हरड्राफ्ट ८ टक्क्यांनी असेल, तर ४.२५ लाखांवर सहा महिन्यांचं व्याज १७,०००. तेवढ्याच रकमेवर एफडी १४,८७५ कमावते, म्हणजे खरा भुर्दंड सव्वादोन हजारांच्या आत. दावा मिळाला की खातं फेडून टाका.

खोलीभाड्याची मर्यादा बघा. ती विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० असेल आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतलीत, तर डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर वगैरे खर्चाचे पाच-अष्टमांशच मिळतात. असा खर्च १.२० लाख असेल तर ४५,००० तुमच्या खिशातून. औषधं, तपासण्या, कॅथेटरसारखी उपकरणं या कपातीत धरायची नसतात. बिलात ती वेगळी दाखवून घ्या.

आणि एकदाच खर्च होईल असं धरून चालू नका. सततच्या प्रकारात ठोके परत बिघडून दुसऱ्यांदा अब्लेशन करावं लागणं नवं नाही. पहिले दोन-तीन महिने ठोके चुकले तर ते अपयश मानत नाहीत, तेव्हा घाबरून लगेच दुसऱ्या अब्लेशनवर पैसे घालू नका. या वर्षीच्या विम्यात ७५,००० च उरतील. दुसरी वेळ आलीच आणि डॉक्टरांना चालत असेल, तर ती दहा महिन्यांनी नूतनीकरण झाल्यावर ठेवा: रक्कम पुन्हा ५ लाख होईल आणि बीपीची अटही संपलेली असेल. मध्ये प्रीमियम चुकवू नका.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुटतील हे गृहीत धरू नका. अब्लेशननंतर किमान दोन महिने त्या चालतातच. पुढचा निर्णय पक्षाघाताच्या जोखमीवर होतो, ठोके सुधारले का यावर नाही. ही जोखीम गुण देऊन मोजतात: बीपीचा एक गुण आहेच, ६५ व्या वर्षी वयाचा दुसरा मिळेल. हा मासिक खर्च कायमचा धरा.