तुर्की भाषेत वस्तू मोजणे आणि ‘आहे’, ‘नाही’ सांगणे

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: ‘पाच पुस्तके’ या अर्थी ‘बेश कितापलार’ लिहिले तर ते चूक का ठरते, आणि ‘नाही’ म्हणताना ‘योक’ केव्हा व ‘देइल’ केव्हा वापरावे.

तुर्कीत संख्येनंतर नाम एकवचनातच राहते, कारण अनेकत्व संख्येने सांगून झालेले असते. म्हणून ‘बेश किताप’. मराठीत आपण ‘एक दगड, पाच दगड’ म्हणतोच. तुर्कीत संख्येपुढचे प्रत्येक नाम त्या दगडासारखे वागते असे समजावे. ‘काच’ (किती) आणि ‘चोक’ (पुष्कळ) यांच्यानंतरही हाच नियम आहे. अंकारातील एका भागाचे नाव ‘बेशएव्लेर’, म्हणजे ‘पाच घरे’, असे आहे, पण अशी अनेकवचनी रूपे मोजक्या विशेषनामांपुरतीच आढळतात.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण आपले ‘आहे’ आणि ‘नाही’ हे शब्द जी दोन कामे एकत्र करतात, ती तुर्की वेगळी ठेवते. एखादी वस्तू मुळात आहे की नाही हे सांगायचे असेल तर ‘वार’ आणि ‘योक’ लागतात: ‘मासादा बेश किताप वार’, म्हणजे टेबलावर पाच पुस्तके आहेत, आणि ‘मासादा किताप योक’, म्हणजे टेबलावर पुस्तकच नाही. याउलट, ज्या पुस्तकाविषयी आपण आधीच बोलत आहोत ते टेबलावर नसून दुसरीकडे आहे असे सांगायचे असेल, तर ‘किताप मासादा देइल’ म्हणावे लागते. आधी जागा आणि मग वस्तू आली की बहुधा ‘वार’ किंवा ‘योक’, ही खूण सुरुवातीला फार उपयोगी पडते. जागा दाखवणारा ‘दा’ मात्र आधीच्या स्वराप्रमाणे बदलतो. ‘एव’ म्हणजे घर, म्हणून ‘घरात’ म्हणजे ‘एव्दे’.

‘मला दोन भावंडे आहेत’ हे वाक्य करताना मराठी माणूस सहज ‘बाना’ (मला) वापरायला जातो, आणि तिथेच चुकतो. तुर्कीत मालकी नामालाच चिकटते: ‘इकी कार्देशिम वार’, म्हणजे शब्दशः ‘माझी दोन भावंडे आहेत’. पैसे नसतील तर ‘पाराम योक’. मात्र पैसे या क्षणी जवळ नाहीत एवढेच सांगायचे असेल, तर ‘बेंदे पारा योक’.