अमेरिकेत नवीन आलास ना? आधी बर्फाचं बघ

अरे, कोक मागताना 'नो आइस' म्हणायला शीक. नाहीतर ग्लासभर बर्फ आणि त्याच्या फटींतून जेमतेम कोक. आणि मोठा ग्लास कशाला? बऱ्याच ठिकाणी रिफिल फुकट असतं, छोटाच चारदा भर. मोठा ३२ औंसचा म्हणजे जवळजवळ ९५० मिली, अख्खा तांब्या झाला की!

दक्षिणेकडे गेलास तर नुसता 'टी' मागू नकोस. थंडगार, पाकासारखा गोड येतो. जॉर्जियात मी पहिला घोट तोंडात धरून बसलो होतो, गिळू की नको. आता आवडतो. (घरी सांगू नकोस.)

मेनूत १५ डॉलर दिसले तर २० धरून चाल. टॅक्स वेगळा, वर १८-२० टक्के टिप.

कॉस्टकोत (सगळं घाऊक विकणारं अवाढव्य दुकान) रिकाम्या पोटी शिरू नकोस. आधी दीड डॉलरचा हॉटडॉग नि सोडा (इथे कोकसारख्या पेयाला सोडा म्हणतात) घे. १९८०च्या दशकापासून किंमत तीच आहे. तरीही दोघांच्या संसाराला टॉयलेट पेपरचे ३० रोल येतीलच. आमचे पलंगाखाली आहेत.

आणि गाडीत कंट्री म्युझिक लागलं तर लगेच स्टेशन बदलू नकोस. ट्रक, पाऊस, सोडून गेलेली बायको... महिन्याभरात तूही गुणगुणशील.