शिकारीला निघालात, आधी रस्त्याचं बघा : वाचकांचे प्रश्न

नामिबिया, बोट्सवाना, झिंबाब्वे, झांबिया आणि दक्षिण आफ्रिका या पट्ट्यात गाडीनं फिरण्याबद्दल मी लिहिते, तेव्हा येणाऱ्या पत्रांत सिंह-हत्तींविषयी कमी आणि कागदपत्रं, टायर, डबे यांविषयी जास्त विचारलेलं असतं. मला ते आवडतं. या वेळी शिकारीवरही दोन पत्रं आहेत. एक शिकार करायला निघालेल्याचं, दुसरं त्यावर चिडलेल्याचं.

प्रश्न : ताई, वय ६४. आजोबांना शिकारीचा नाद होता, माझ्याकडे परवान्याची बारा बोअर आहे. आयुष्यात एकदा आफ्रिकेत रीतसर शिकार करायची आहे. मुलगा गाडी चालवेल. आपली बंदूक नेता येईल का? शिंगं घरी आणता येतील का? (सातारा)

काका, बंदूक घरीच राहू द्या. बारा बोअर तिकडे पाखरांसाठी. कुडू किंवा गेम्सबॉक ही मोठी हरणं मारायची तर नामिबियाच्या नियमानुसार गोळीची ताकद किमान २७०० जूल लागते, स्प्रिंगबॉक या छोट्या हरणाला १३५०, हत्ती-गव्यासारख्या मोठ्या जनावराला ५४००. म्हणजे रायफलच हवी, आणि ती शिकारीच्या फार्मवर भाड्यानं मिळते. स्वतःचं शस्त्र भारताबाहेर काढायचं, तिकडे नोंदवायचं, प्रत्येक सीमेवर पुन्हा दाखवायचं आणि परत आणायचं, या खटाटोपात सुट्टी संपेल. बोट्सवानात किंवा झांबियात शिरताना शस्त्राचा परवाना पुन्हा वेगळा. राष्ट्रीय उद्यानातून गाडी न्यायची असेल तर त्यात शस्त्र नसलेलंच बरं.

म्हणून क्रम असा ठेवा. नामिबियाच्या राजधानीत, विंडहूकला उतरा, पहिले पाच-सहा दिवस शिकारीच्या फार्मवर घालवा, भाड्याची रायफल तिथंच परत करा आणि मग मोकळ्या हातानं गाडी घेऊन उत्तरेला निघा. शिकार आधी आणि प्रवास मागून. उलटं केलंत तर सगळी वाट त्या शिकारीच्या विचारात जाईल आणि डोळ्यांसमोरचा जिराफसुद्धा दिसणार नाही.

नामिबियात परदेशी माणसाला एकट्यानं शिकार करता येत नाही. सोबत नोंदणीकृत शिकारी हवाच. सगळे त्याला ‘पीएच’ (प्रोफेशनल हंटर) म्हणतात. पहिल्या दिवशी तो तुम्हाला कागदी निशाणावर गोळ्या झाडायला लावेल. त्याचा राग मानू नका, तो रायफल तपासतो त्याहून जास्त तुम्हाला तपासतो. मग पायपीट. त्याच्या हातात राखेची छोटी पुरचुंडी असते, ती झटकून तो वारा कुठून येतोय ते बघतो. वारा पाठीमागून असला की कुडूला तुमचा वास पोचलाच म्हणून समजा. नेम तीन पायांच्या काठीवर रायफल टेकवून धरायचा असतो. ती सवय घरीच करून जा, एखाद्या काठीवर छत्री टेकवून केलीत तरी चालेल. घरचे हसतील, हसू द्यात.

पैशांचं नीट समजून घ्या. रोजचा खर्च वेगळा आणि प्रत्येक जनावराची किंमत वेगळी. जनावर जखमी होऊन निसटलं आणि सापडलं नाही, तरी ते मारलं असंच धरून पैसे घेतात. मला हा नियम योग्य वाटतो. त्यामुळे माणूस ‘लागली तर लागली’ म्हणून गोळी झाडत नाही.

मांस फार्मवरच राहतं, तिथल्या माणसांच्या ताटात जातं. शिंगांचं मात्र मन घट्ट करून ऐका. ती भारतात आणता येतील असं धरून चालू नका. आपल्याकडे वन्यप्राणी आणि त्यांचे अवयव आयात करण्यावर कडक बंधनं आहेत. विमानतळावर पेटी उघडून ‘मी तर पैसे भरले होते’ असं सांगण्याची वेळ स्वतःवर आणू नका. कुडूची पिळदार शिंगं फोटोत छान दिसतात. बिल्टाँग, म्हणजे तिकडचं मीठ-मसाला लावून वाळवलेलं मांस, तेही तिथंच संपवा.

प्रश्न : आम्ही दोघं आणि मित्राचं जोडपं, १६ दिवस. जोहान्सबर्गहून नामिबिया, बोट्सवाना, व्हिक्टोरिया धबधबा करून परत जोहान्सबर्ग. मोबाइलवरचा नकाशा रोज सात-आठ तास दाखवतो. जमेल ना? (नाशिक)

जमेल, पण तुम्ही चौघं परतताना एकमेकांशी बोलत असाल की नाही सांगता येत नाही. जोहान्सबर्ग ते विंडहूक हाच टप्पा १४०० किलोमीटरच्या आसपास. रस्ता उत्तम, कलहारी मधून जातो, पण दोन दिवस त्यातच जातात आणि दिसतात ती काटेरी झुडपं आणि गाढवं. विमानानं थेट विंडहूकला जा, व्हिक्टोरिया फॉल्सला गाडी सोडा. गाडी दुसरीकडे सोडण्याचे जादा पैसे लागतात, तेवढे मोजा.

विंडहूक ते एटोशा राष्ट्रीय उद्यानातला ओकाकुएयोचा मुक्काम हे साधारण ४३५ किलोमीटर, फाटकापर्यंत डांबर. एटोशाला तीन रात्री द्या. तिथलं ४८०० चौरस किलोमीटरचं खारं, पांढरं मैदान पाहिल्यावर आकाश कुठं संपतं ते कळत नाही. पण खरी मजा रात्री, ओकाकुएयोच्या पाणवठ्यावर. तिथं दिवे लावलेले असतात, कुंपणाच्या अलीकडे बाकावर बसायचं, गप्प राहायचं. गेंडा येतो, पाणी पितो, जातो. तिथून रुंडू, मग बी-८ रस्त्यानं काटिमा मुलिलो. या ५०० किलोमीटरच्या वाटेवर जुनी कॅप्रिव्ही पट्टी लागते. १८९० साली जर्मनांनी इंग्रजांकडून ही चिंचोळी जीभ मिळवली, झांबेझी नदीपर्यंत पोचण्यासाठी. आता तिच्या पूर्वेकडच्या भागाचं नाव झांबेझी प्रांत. मधे बवाबवाटा राष्ट्रीय उद्यान लागतं आणि रस्त्यावर हत्ती येतात, आपल्याकडे म्हशी येतात तसे. फरक इतकाच की हत्तीला हॉर्न द्यायचा नसतो. थांबायचं, इंजिन चालू ठेवायचं, मागं सरायला जागा ठेवायची.

आता वेळेबद्दल. नकाशा सात तास म्हणतो तेव्हा तुम्ही दहा धरा, आणि सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोचा. अंधारात गाडी चालवायची नाही, हा नियम मी कुणासाठीही वाकवत नाही. कुडू दिव्याच्या झोतात उडी मारतो आणि थेट काचेवर येतो, गाढवं तर उबदार डांबरावर उभीच राहतात.

मुख्य रस्ते सोडल्यावर खडीचे रस्ते लागतात. नामिबियात भाड्याच्या गाड्यांचे मोठे अपघात दुसऱ्या गाडीला धडकून कमी होतात, आपली आपणच उलटून जास्त होतात. खडीवर गाडी छान पळते, ८० चे १०० कधी होतात कळत नाही. मग वळण येतं, मागची चाकं सरकतात, घाबरून स्टिअरिंग झटकन फिरवलं की संपलं. छतावर तंबू बांधलेला असल्यानं गाडी डोक्यानं जड असते, हेही विसरू नका. ८० च्या वर जाऊ नका. हवा कमी करा : खडीवर २६ पीएसआयच्या आसपास, खोल वाळूत १५ ते १७, आणि डांबरावर येताच पुन्हा भरा. त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर गाडीतच हवा. स्टेपन्या दोन घ्या, एक नाही.

बोट्सवानात मोरेमी-सवुटीच्या अभयारण्यांतल्या वाळूवाटेला गेलात तर एक शब्द कानावर पडेल : मिडलमानिकी. आफ्रिकान्स भाषेत ‘मधला छोटा माणूस’. दोन चाकोऱ्यांच्या मधे जो उंचवटा राहतो तो. त्यावर वाळलेलं गवत असतं. ते गाडीच्या पोटाखाली सायलेन्सरजवळ अडकतं, तापतं आणि पेट घेतं. दुसरं, गवताचं बी रेडिएटरच्या जाळीत भरतं आणि इंजिन तापतं. एकदा मध्य कलहारीत माझा काटा लाल झाला. पाणी पुरेसं, पंखा ठीक, कारण सापडेना. शेवटी समोरची जाळी काढली तर आत गवताची चक्क गोधडी. तेव्हापासून गाडीपुढे बारीक जाळी बांधते आणि दर तासाला उतरून पोटाखाली वाकून बघते. त्या आधी आजूबाजूला बघते. सिंहालाही गाडीची सावली आवडते.

प्रश्न : कोणत्या महिन्यात जावं? (छत्रपती संभाजीनगर)

जून ते ऑक्टोबर. पाऊस नसतो, जनावरं पाणवठ्याला येतात, झाडी विरळ असते. नामिबियात शिकारीचा हंगाम फेब्रुवारी ते नोव्हेंबर चालतो, पण जाणते लोक मे ते ऑगस्टच निवडतात. ‘आफ्रिका म्हणजे उकाडा’ या समजुतीनं जाऊ नका : जुलैत कलहारीत रात्री बादलीतलं पाणी गोठतं. कानटोपी न्या. ऑक्टोबरात झांबेझीच्या खोऱ्यात उलट भट्टी पेटलेली असते. मलेरियाची भीती कोरड्या महिन्यांत कमी होते, संपत नाही. तिकडे मुख्यतः फॅल्सिपेरम, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा प्रकार असतो. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या, आणि परतल्यावर ताप आला तर ‘आफ्रिकेतून आलोय’ हे त्यांना पहिल्या वाक्यात सांगा.

प्रश्न : मी जोहान्सबर्गमध्ये नोकरीला. आई-बाबा येणार आहेत, त्यांना माझ्याच गाडीनं बोट्सवानातून झांबियाला न्यायचंय. झांबेझी नदीवरच्या कझुंगुलाला फेरीबोटीसाठी किती वेळ थांबावं लागेल?

फेरीबोट गेली! मे २०२१ पासून तिथं पूल आहे, ९२३ मीटरचा, आणि मजेशीर वळलेला. चार देशांच्या सीमा तिथं जवळजवळ एका ठिपक्यात येतात, आणि झिंबाब्वेच्या हद्दीत पाय न ठेवता पलीकडे जायचं म्हणून तो वाकवला. पूर्वी मालट्रक तराफ्यासाठी दिवसचे दिवस उभे असत. आता दोन्ही देशांचं काम एकाच इमारतीत होतं.

वेळ गाडीच्या कागदांत जातो. गाडी कर्जावर असेल तर बँकेचं पत्र लागतं की ही गाडी देशाबाहेर न्यायला आमची हरकत नाही, आणि त्यात देशांची नावं लिहिलेली हवीत. पोलिसांचा दाखला, नोंदणीची प्रत, इंजिन आणि चासी क्रमांक. झांबियात शिरताना गाडीचा तात्पुरता आयात परवाना, कार्बन कर, टोल, विमा, अशा पावत्यांची माळ होते. सगळ्या एका क्लिपला लावा. पुढच्या नाक्यावरचा पोलीस नेमकी तीच मागतो जी सीटखाली गेलेली असते. दोन त्रिकोण आणि अग्निशामक नळकांडंही ठेवा. सीमेवर ‘मी करून देतो’ म्हणत धावत येणाऱ्या पोरांना हसून नको म्हणा, खिडकीतला माणूस सगळं सांगतो.

आई-बाबांच्या व्हिसाचं एक : दक्षिण आफ्रिकेत ते दुसऱ्यांदा शिरणार आहेत, तेव्हा त्यांचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा हवा. हे विसरणारे फार. आणि मुंबईहून येताना नैरोबी किंवा अदिस अबाबाला बारा तासांहून जास्त मुक्काम असेल तर पीतज्वराच्या लशीचा पिवळा दाखला लागेल.

प्रश्न : आपण नामिबियाहून चित्ते आणून कुनोत जपतो आणि तुम्ही तिथं शिकारीला जायचे सल्ले देता. लाज वाटत नाही? (कोल्हापूर)

कोल्हापूरहून हे पत्र यावं याची गंमत वाटली. तुमच्याच गावात चित्तेवान होते, काळवीट पकडायला चित्ते पाळले जात, आणि इथले संपत आल्यावर संस्थानानं ते आफ्रिकेतून मागवले होते. कुनोच्या आधीची ही आयात.

आता लाजेचं. मी स्वतः गोळी झाडत नाही, मला जमत नाही. पण नामिबियात राहिल्यावर माझं मत पूर्वीसारखं सरळ राहिलं नाही. १९९६ साली तिथल्या कायद्यानं गावांना आपापल्या भागातल्या जनावरांचा हक्क दिला. हत्तीनं मका तुडवला तर तोटा गावाचा आणि पर्यटकाचा पैसा शहराचा, हे आधीचं गणित. आता शिकारीचा आणि लॉजचा पैसा गावाच्या समितीकडे येतो, राखणदारांचे पगार त्यातून निघतात. काही दुर्गम, काटेरी, नजारा नसलेल्या भागांत लॉज चालतच नाही, तिथं शिकारीचाच पैसा येतो. बोट्सवानानं २०१४ मध्ये शिकार बंद केली आणि २०१९ मध्ये पुन्हा सुरू केली. तिथं सव्वा लाखाहून जास्त हत्ती आहेत आणि शेतकऱ्याला मतही आहे. केनियात १९७७ पासून बंदी आहे आणि ते तिथं अजून बदललेलं नाही. दोन्ही बाजूंना सांगायला भरपूर आहे.

एक गोष्ट मात्र मला अजिबात पटत नाही : दक्षिण आफ्रिकेत कुंपणात वाढवलेले सिंह बंद जागेत सोडून मारायला देण्याचा धंदा. तिथल्या सरकारनंही तो मोडीत काढायचं धोरण मंजूर केलंय. साताऱ्याच्या काकांनी असल्या जाहिरातीचा कागद मिळाला तर शेकोटीला लावावा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, दोन मुलं. बरोबर काय न्यावं? घरची संत्री पेटीभर नेली तर चालतील? (नागपूर)

भाजणी, पोहे, मेतकूट, लोणचं, गोडा मसाला न्या, बाकी बाजार विंडहूकला आणि बोट्सवानातल्या माऊनला भरपूर. मक्याच्या पिठाचं पाप मिळतं (नावावर जाऊ नका, आपली उकडच), त्यावर चाकालाका ही तिखट भाजी. मांसाहारी सोबत असतील तर त्यांना सांगा : गुरांचे रोग पसरू नयेत म्हणून घातलेल्या कुंपणांच्या नाक्यांवर कच्चं मांस काढून घेतात. नामिबियात मुरुरानी फाटकाच्या उत्तरेचं मांस दक्षिणेला येऊ देत नाहीत. बोट्सवानात तर बुटांचे तळवे सोड्याच्या पाण्यात बुडवायला लावतात, घरातल्या चपलासुद्धा बॅगेतून काढून. लोक नाक्यावरच गॅस पेटवून मांस परतून घेतात, शिजवलेलं चालतं म्हणून.

संत्री मात्र नको. नागपूरकरांनी राग मानू नये, पण परदेशातून फळं नेऊ देतच नाहीत. आणि तिथं विकत घेतलेलीही गाडीत ठेवून रानात झोपू नका. हत्तीला त्यांचा वास लांबून येतो आणि पेटीसाठी तो गाडीचं दार सोलून काढतो. झिंबाब्वेच्या मना पूल्स राष्ट्रीय उद्यानात तर ती आत नेऊच देत नाहीत. खायची तर गावातच, फाटकाच्या अलीकडे, आणि सालीसुद्धा तिथल्याच कचरापेटीत.