दुसरीच्या वर्गातला गोंधळ न ओरडता कसा आवरायचा?

तुमच्या वर्गाच्या पटावर 45 मुलं आहेत, ओरडून घसा बसतो, आणि फार दंगा करणाऱ्याला बाकावर उभं केलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी परळला पहिली-दुसरीच्याच मुलांना शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाकावर उभं करू नका. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. पण कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. एक मूल चारचौघांत खाली मान घालून उभं राहतं आणि बाकीचा वर्ग त्याच्याकडे बघत बसतो. शिकणं दोघांचंही थांबतं.

आधी दोन-तीन दिवस नुसतं टिपून ठेवा की वर्ग नक्की कधी बिघडतो. माझ्या अनुभवात तो शिकवताना क्वचितच बिघडतो. बिघडतो तो मराठीचं पुस्तक दप्तरात जाऊन गणिताची वही बाहेर येईपर्यंत, आपण फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना, किंवा ज्यांचं लिहून झालंय त्यांना पुढे काही काम नसतं तेव्हा. सात वर्षांच्या मुलाला रिकामं बसवून ठेवणं शक्यच नाही. म्हणून तयारी करायची ती या मधल्या मिनिटांची.

वही काढताना टाळ्यांचा ठेका धरा. तुम्ही वाजवायचा, मुलांनी तसाच परत वाजवायचा, दर वेळी आणखी हळू. शेवटचा ठेका दोन बोटांनी तळहातावर. तोवर वर्ग आपोआप गप्प झालेला असतो, आणि तेव्हा तुम्हीही हळूच बोलायचं. ज्यांचं लवकर होतं त्यांच्यासाठी चिंचोक्यांचा डबा ठेवा: दहा-दहाचे ढीग करायचे, किती झाले ते वहीत मागच्या पानावर लिहायचं.

पाण्याला किंवा खिचडीला जाताना रांगेत ढकलाढकली होते ना? आमची रांग म्हणजे लोकल. पुठ्ठ्यांवर स्टेशनांची नावं लिहून वाटते: चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, लोअर परळ, प्रभादेवी, दादर. प्रत्येक पुठ्ठ्यामागे चार-पाच मुलांचा डबा. आपापलं नाव वाचून क्रमाने उभं राहायचं, आणि पहिल्या मुलाने ‘पुढील स्टेशन मरीन लाइन्स’ अशी घोषणा केल्यावरच दुसरा डबा हलतो. दुसऱ्या दिवशी पुठ्ठे बदलायचे, कधी मध्य रेल्वे घ्यायची. ग्रँट, प्रभादेवी, महालक्ष्मी, सँडहर्स्ट रोड वाचता वाचता जोडाक्षरांचा सराव होतो आणि आधीचा-नंतरचा क्रमही पक्का होतो. मला हा खेळ फार आवडतो, मुलांना त्याहून जास्त.

पावसात मैदान बंद असलं की ‘शिवाजी म्हणतो’ आहेच. शांत बसवायचं असेल तर माँटेसरींचा शांततेचा खेळ घ्या. सगळ्यांनी डोळे मिटायचे, आपण वर्गाच्या मागे जाऊन एकेकाचं नाव कुजबुजायचं, ज्याने ऐकलं त्याने चवड्यांवर चालत यायचं. मुंबईत बाहेर पूर्ण शांतता कधीच नसते, म्हणून मी त्याआधी किती आवाज ऐकू आले ते विचारते. लोकलचा भोंगा, कावळा, कुठल्याशा घरातली कुकरची शिट्टी. पंखा कुरकुरतो हेसुद्धा सांगतात.

एवढं करूनही एखादं मूल सतत उठत असेल तर ते किती अंतरावरून फळा वाचू शकतं ते बघा. नीट दिसत नसलेलं मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं आणि आपल्याला तो दंगा वाटतो. त्याला पुढे बसवा, वह्या वाटायला द्या, आणि बोलायचं असेल तर सुट्टीत, एकट्याशी बोला. आईबाबांना भेटायला बोलवाल तेव्हा त्याने काय चांगलं केलं ते आधी सांगा, आणि गेटवर सगळ्यांसमोर तर तक्रार नकोच. त्या घरात संध्याकाळी काय होईल ते आपल्याला दिसत नाही.